कंपासशेजारी प्लॉटर बसवला आणि पूर्व दिशा हरवली – मदत हवी

खाडीकर

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

माझी २२ फुटी फायबरची जुनी शिडाची होडी दाभोळच्या खाडीत असते. कंपास केबिनच्या मागच्या भिंतीवर, कॉकपिटकडे (मागे सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेकडे) तोंड करून, दाराच्या उजव्या हाताला आहे. दिवाळीनंतर हौसेने सात इंची चार्टप्लॉटर (जीपीएसवरून होडीची जागा आणि दिशा नकाशावर दाखवणारा पडदा) घेतला आणि कंपासच्या उजवीकडे साधारण २५ सेंटिमीटरवर बसवून घेतला. त्याच दिवशी व्हीएचएफ रेडिओ आणि नवा बिल्ज पंपही (तळात साचलेलं पाणी उपसणारा) लागला. बसवणाऱ्याने एका दिवसात सगळं आटोपून दिलं, वायरी भिंतीमागे लपवल्या, काम दिसायला एकदम झकास.

मी माझ्या परीने तपासलंही होतं. खाडीत नांगरावर असताना प्लॉटर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. कंपासची तबकडी केसभरही हलली नाही. म्हटलं, सुटलो.

गेल्या रविवारी जयगडला जाऊन आलो. जाताना प्लॉटर १७० म्हणतोय, कंपास १७३. उत्तम. परतताना प्लॉटर ३५०, कंपास ३४३. हे सात अंश मी वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या माथी मारले. संध्याकाळी धुरकट झालं होतं. अंजनवेलचं दीपगृह उजव्या हाताला ठेवून आत वळलो, प्लॉटरचा उजेड डोळ्यांत जातो म्हणून मंद केला आणि कंपासवर ९० धरून निघालो. पाच-सात मिनिटांनी डाव्या बाजूला पांढरं फुटणारं पाणी दिसलं, जे तिथे दिसायलाच नको होतं. प्लॉटर उजळवला तर होडी ६८ वर चाललेली! नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पूर्वेला वळवली तर कंपास ११२ दाखवतो.

बावीस अंश. प्लॉटर काढून टाकू का? भिंतीला चार भोकं पाडून बसलोय.

उगाच_एक

प्लॉटर बरोबर दाखवत होता ना? मग कंपासच काढून टाका. २०२५ साली होकायंत्र कोण बघतं?

सेकंडमेट

@उगाच_एक, आम्ही बघतो. २०२५च्या जूनमध्ये, युद्धाच्या दिवसांत, होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आसपास जहाजांचे जीपीएस असे भरकटले होते की पडद्यावर जहाजं जमिनीवरून चालत होती. आणि लहान होडीत त्यासाठी युद्ध लागत नाही, एक फ्यूज पुरतो. मोठ्या जहाजावर जायरो (विजेवर चालणारा कंपास) असूनही चुंबकी कंपास सक्तीचा आहे तो याचसाठी, त्याला वीज लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जीपीएस दाखवतो ती होडी कुठे सरकतेय ती दिशा. नाळ कुठे आहे ते त्याला ठाऊक नसतं. भर ओहोटीत खाडीच्या तोंडाशी या दोन्हींत चांगलाच फरक पडतो, आणि होडी थांबली की जीपीएसची दिशा वेड्यासारखी गरगरते.

@खाडीकर, घाई करू नका. प्लॉटरवर लगेच आरोप ठेवू नका. तुमची चालू-बंदची चाचणी फक्त विजेमुळे होणारा त्रास पकडते. कायमचा चुंबक स्विच बंद केल्याने जात नाही, तो भिंतीत बसून असतो. एक काम करा. वारा नसलेल्या सकाळी, भरती किंवा ओहोटी थांबून पाणी स्थिर असताना, इंजिनावर चार-साडेचार नॉटने आठ दिशांना सरळ रेषेत दोन-दोन मिनिटं चालवा. प्रत्येक दिशेला प्लॉटर काय म्हणतो आणि कंपास काय म्हणतो ते लिहा. आपल्या किनाऱ्यावर चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक आहे, त्यामुळे आकडे थेट ताडून बघता येतील. खिशातला मोबाइल नाळेकडे ठेवून या.

हर्णैकर

आमच्या बोटीवर हेच झालेलं. बाबा तांडेल (बोटीचे कप्तान) आहेत, तीस वर्षं दर्यात. गेल्या मोसमात खलाशांनी केबिनमध्ये गाण्यांसाठी गाडीतले दोन मोठे स्पीकर लावले, होकायंत्राच्या फळीवरच. बाबा दोन दिवस म्हणत होते, "सुवर्णदुर्ग जागचा हलला काय रे?" आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्पीकर उचलून मागे बर्फाच्या खणावर ठेवला आणि किल्ला जागेवर आला.

दादा, तुमच्या होडीवर गाणी लावायचं काही आहे का?

खाडीकर

नाही हो, गाणी नाहीत. व्हीएचएफ आहे फक्त, तो आत केबिनमध्ये. सेकंडमेट, शनिवारी करतो.

सोलंटवासी

मी मूळ अलिबागचा, सध्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर २७ फुटी बोट घेऊन फिरतो. माझीही एक लाजिरवाणी गोष्ट. ऑटोपायलटचा इलेक्ट्रॉनिक कंपास एका बाकाखाली आहे. दोन आठवड्यांच्या फेरीसाठी मी त्याच बाकाखाली डब्यातलं अन्न भरलं: टोमॅटो, चणे, सूप. ऑटोपायलट पंधरा-वीस अंश वाकडा चालायचा, आणि गंमत म्हणजे रोज थोडा थोडा सुधारायचा! आम्ही जेवत होतो तसतसा.

बिअरचे डबे ॲल्युमिनियमचे, ते चालतात. अन्नाचे डबे पत्र्याचे.

शिडवाली

हसून हसून मेले. :)

मी मुंबईत क्लबच्या बोटींवर शिडं ओढते. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतात की चाकू, चाव्या, चष्म्याची केस, हेडफोनची डबी यातलं काहीही कंपासजवळ ठेवायचं नाही. हल्ली मोबाइलच्या कव्हरात गोल चुंबक असतात आणि डॅशबोर्डवर चिकटवायचे स्टँडही चुंबकाचेच. एकाने असा स्टँड थेट कंपासखाली चिकटवला होता. प्रॉंग्सच्या दीपगृहाकडे निघालेली बोट भलतीकडे. दिवस होता म्हणून निभावलं.

@खाडीकर, स्क्रू कसले आहेत तेही बघा. स्टेनलेस म्हणून विकतात पण स्वस्तातल्या स्क्रूला चुंबक चिकटतो. चांगलं स्टेनलेससुद्धा थंड अवस्थेत ठोकून, वाकवून घडवलं की थोडं चुंबकी होतं. कंपासजवळ पितळ बरं.

गणिती_पुणेकर

समुद्र फक्त गणपतीपुळ्याला पाहिलाय, पण आकडेमोड करता येते.

पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राचा जो आडवा भाग सुईला फिरवतो, तो कोकणात सुमारे ३९ मायक्रोटेस्ला आहे. पूर्वेकडे तोंड असताना २२ अंश विचलन म्हणजे होडीच्या लांबीच्या दिशेने ३९ × टॅन २२, म्हणजे जवळजवळ १६ मायक्रोटेस्लाचा उपरा ढकला. सुई नाळेपासून लांब, मागच्या बाजूला ओढली जातेय.

आता हाच ढकला उत्तरेला जाताना बघा. तेव्हा तो पृथ्वीच्या क्षेत्राच्या बरोबर उलट लागतो. दिशा चुकत नाही, पण ३९ मधून १६ वजा, उरले २३. म्हणजे कंपास उत्तरेला बरोबर दाखवेल पण सुस्त होईल. दक्षिणेला ३९ अधिक १६, तिथे चपळ. खाडीकर, असं काही जाणवलं?

सोलंटवासींच्या इंग्लंडात सुई जमिनीकडे जास्त झुकते, आडवा भाग १९-२० इतकाच उरतो. तिथे हाच ढकला ३९-४० अंशांची चूक दाखवेल. कोकण त्या मानाने क्षमाशील!

खाडीकर

पुणेकर, पायाखालची वाळू सरकली. परतताना, म्हणजे उत्तरेकडे येताना, तबकडी आळशी वाटत होती. नाळ वळून गेली तरी ती मागून रेंगाळत यायची. मला वाटलं आतलं तेल जुनं झालं.

खाडीकर

हे घ्या. शनिवार सकाळ, साडेसहा ते आठ, पाणी काचेसारखं. डावीकडे प्लॉटर, उजवीकडे कंपास.

० – २
४५ – ६६
९० – ११२
१३५ – १४७
१८० – १८१
२२५ – २१३
२७० – २४९
३१५ – २९४

आणि एक नवंच भूत. २२५ वर असताना कंपास अचानक आठ-नऊ अंश सरकला, वीसेक सेकंद तिथे राहिला आणि परत आला. लाट नाही, काही नाही. मी ते सोडून दिलं आणि पुन्हा मोजलं.

सेकंडमेट

शाब्बास! असा तक्ता हाताशी आला की वाद संपतात.

उत्तर-दक्षिणेला चूक जवळजवळ शून्य, पूर्वेला एका बाजूला बावीस, पश्चिमेला उलट बाजूला एकवीस. म्हणजे कायमचा चुंबक, आणि तो कंपासला नाळ-सुकाणू या रेषेत ओढतोय. ओढ डावी-उजवी असती तर उलटं झालं असतं, उत्तर-दक्षिणेला चूक आणि पूर्व-पश्चिमेला शून्य. नुसतं लोखंड असतं, चुंबक नसलेलं, तर चूक वर्तुळात दोनदा चढली-उतरली असती. जहाजावर बिनॅकलच्या (कंपासच्या खांबाच्या) दोन्ही बाजूंना लोखंडी गोळे दिसतात ते त्या दुसऱ्या प्रकारच्या चुकीसाठी, शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनच्या काळापासूनचे.

तुमचा प्लॉटर कंपासच्या उजवीकडे आहे, त्यामुळे मुख्य गुन्हेगार तो वाटत नाही. आता सांगा, कंपासच्या बरोबर पुढे किंवा मागे काय आहे?

खाडीकर

मागे कॉकपिट, म्हणजे मी. पुढे भिंत. भिंतीपलीकडे केबिन.

सेकंडमेट

भिंतीपलीकडे, बरोबर त्याच उंचीवर?

खाडीकर

आत्ता होडीवर जाऊन आलो.

व्हीएचएफ बाजूला आहे, पण त्याचा जादा स्पीकर भिंतीच्या आतल्या बाजूला लावलाय. बसवणारा म्हणाला होता, "कॉकपिटमध्ये ऐकू यायला हवं ना, म्हणून दाराजवळ घेतला." कंपासच्या तबकडीच्या मध्यापासून मोजलं तर २० सेंटिमीटर. मध्ये फक्त प्लायवूड. मी इतके दिवस प्लॉटरकडे डोळे वटारून बघत होतो आणि हा पलीकडून खेचत होता.

स्पीकर हातात धरून लांब नेला तशी तबकडी डोळ्यांदेखत फिरली. जवळ आणला, परत वाकडी. दहा वेळा केलं, खेळण्यासारखं.

हर्णैकर

गाणी नाहीत म्हणालात ना दादा! ;)

सोलंटवासी

प्लायवूड, फायबर, काच हे सगळं चुंबकाला हवेसारखंच. भिंतीपलीकडचं, जमिनीखालचं, बाकाखालचं सगळं मोजायचं. कंपासभोवती भिंती धरायच्या नाहीत, फुगा धरायचा.

गणिती_पुणेकर

अंतराचा हिशोब लक्षात ठेवा. लहान चुंबकाचा जोर अंतराच्या घनाने पडतो. अंतर दुप्पट केलं की एक अष्टमांश, तिप्पट केलं की सत्ताविसावा भाग. स्पीकर २० ऐवजी ६० सेंटिमीटरवर नेला तर १६ मायक्रोटेस्लाचे ०.६ उरतील. चूक एका अंशाच्या आत.

आणि ते वीस सेकंदांचं भूत: त्या वेळी काय चालू झालं होतं?

खाडीकर

काहीच नाही. इंजिन आणि प्लॉटर होतेच चालू. बाकी सगळं बंद... थांबा. बिल्ज पंप! तो आपोआप चालतो, तरंगत्या स्विचवर.

गणिती_पुणेकर

पंप किती अँपिअर घेतो?

खाडीकर

लेबलवर ३.

गणिती_पुणेकर

सरळ एकट्या तारेतून ३ अँपिअर गेले तर १० सेंटिमीटरवर ६ मायक्रोटेस्ला. ३९ समोर ६ म्हणजे पावणेनऊ अंश. तुमचं भूत हेच. पण दोन तारा शेजारी-शेजारी असत्या तर एकीचं क्षेत्र दुसरीने खोडलं असतं. तुमची एकच तार कंपासजवळून जातेय, दुसरी कुठूनतरी लांबून परत येतेय.

खाडीकर

अगदी तसंच निघालं. लाल तार कंपासच्या मागून वर स्विचकडे, काळी तार थेट पलीकडच्या बाजूने बॅटरीला. तारेची बचत केली असावी.

शिडवाली

जाणारी आणि येणारी तार एकमेकींना वेणीसारखा पीळ देऊन न्यायची. कंपासच्या स्वतःच्या छोट्या दिव्याच्या ताराही. दिवा किती तो, तरी रात्री नेमकी दिवा लावल्यावर चूक यायची म्हणजे वैतागच. आणि तपासणी करताना एकेक वस्तू चालू करून बघा: पंप, दिवे, व्हीएचएफवर बोलताना, इंजिन बंद आणि चालू.

हर्णैकर

अजून एक प्रश्न आहे, सगळ्यांना उपयोगी पडेल. सरकारचा तो नवा ट्रान्सपाँडर (बोटीची जागा कळवणारं यंत्र) बसवताहेत ना बोटींवर, २०२४ मध्ये पालघरहून जाहीर झालेला, एक लाख बोटींसाठीचा. ओळखीतल्या एकाने त्याचा केबिनमधला भाग होकायंत्राच्या मांडीला मांडी लावून बसवलाय. काही होतं का?

सेकंडमेट

त्या विशिष्ट यंत्राबद्दल छातीठोक बोलत नाही. पण नियम सगळ्यांना एकच. माहितीपुस्तिकेच्या शेवटी कंपासपासून राखायचं सुरक्षित अंतर दिलेलं असतं, बहुधा दोन आकडे असतात. मोठा आकडा जहाजाच्या प्रमाण कंपाससाठी, लहान आकडा सुकाणूजवळच्या कंपाससाठी. आपल्याला लहान आकडा लागू, पण जागा असेल तर मोठाच पाळा. आणि तो आकडा एका यंत्राचा. चार यंत्रं चार बाजूंनी जेमतेम अंतरावर बसवली तर चौघांची मिळून चूक होते.

भोकं पाडण्याआधी एक सोपी युक्ती. यंत्र हातात धरून, चालू करून, ठरवलेल्या जागी न्या आणि तबकडीकडे बघा. मग होडी ९० अंश वळवून पुन्हा तेच. एकाच दिशेला बघितलंत तर खाडीकरांसारखी फसगत होते. आपला किनारा दक्षिणोत्तर, त्यामुळे आयुष्यभर वर-खाली करणाऱ्या माणसाला नाळ-सुकाणू रेषेतली चूक दिसतच नाही. ती दिसते खाडीत वळताना, म्हणजे नेमकी खडक जवळ असताना.

उगाच_एक

बरं बाबांनो, शब्द मागे घेतो. माझ्या मेव्हण्याची फिरवायची बोट आहे मालवणला, त्याला हा धागा पाठवलाय. त्याच्या कंपासवर टोप्या वाळत घातलेल्या असतात.

खाडीकर

अहवाल देतो.

स्पीकर डाव्या बाजूच्या कपाटात हलवला, कंपासपासून ७० सेंटिमीटर. पंपाची काळी तार नव्याने ओढली आणि लालबरोबर पीळ देऊन नेली. पंप हाताने चालू केला: तबकडी ढिम्म. मग पुन्हा आठ दिशा. पूर्व-पश्चिम आता एका अंशात. उत्तरेला मात्र ३ अंश जास्त, दक्षिणेला ३ कमी. आधी ० ला २ होतं, ते आता ३ झालंय.

सेकंडमेट

हा तुमचा प्लॉटर. ओढ डावी-उजवी आहे म्हणून उत्तर-दक्षिणेला दिसतेय. आधी स्पीकरच्या गोंगाटात तो ऐकू येत नव्हता इतकंच. पुस्तिकेत अंतर किती आहे?

खाडीकर

पुस्तिका आज पहिल्यांदा उघडली. लहान आकडा ५० सेंटिमीटर. माझा २५ वर. म्हणजे तोही धुतल्या तांदळासारखा नव्हता.

सेकंडमेट

दोन रस्ते. एक, प्लॉटर हलवा. दोन, कंपासच्या खाली किंवा बाजूला दोन बारीक स्क्रू असतील, आत सुधारक चुंबक असतात. एक उत्तर-दक्षिण चूक काढतो, दुसरा पूर्व-पश्चिम. पितळी स्क्रूड्रायव्हरनेच फिरवायचे, नाहीतर स्क्रूड्रायव्हरच चूक घडवतो. उत्तरेला नाळ धरून चूक पूर्ण काढा, मग दक्षिणेला जाऊन जी उरेल तिच्यातली अर्धीच काढा. पूर्व-पश्चिमेला तसंच.

पण बावीस अंश या स्क्रूंनी मारायचा मोह कुणाला होत असेल तर नको. आधी चुंबक हलवायचा, मग उरलेलं स्क्रूने. शेवटी जे उरेल ते कार्डावर लिहून चार्टच्या शेजारी लावायचं.

तीन अंश म्हणजे किती? साठ मैलांत एका अंशाला एक मैल. जयगडच्या सोळा मैलांत तीन अंशांचे पाऊण मैलाच्या वर होतात.

खाडीकर

स्क्रूने काढले. आता जास्तीत जास्त चूक १ अंश, वायव्येला. कार्ड बनवून प्लास्टिकमध्ये घातलंय. प्लॉटर तूर्त तिथेच ठेवतो, उन्हाळ्यात फिरत्या दांडीवर दाराच्या पलीकडे नेईन. तेव्हा सगळं परत मोजावं लागेल, कल्पना आहे.

काल संध्याकाळी मुद्दाम प्लॉटर कापडाने झाकून अंजनवेलवरून आत आलो. ९० धरला. फुटणारं पाणी जिथे असायला हवं तिथेच होतं, बरंच डावीकडे.

हर्णैकर

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, पोरगा शिकेल. (तुमचं वय विचारत होते.)

खाडीकर

चोपन्न. :) बाबांना नमस्कार सांगा.

एक शेवटचा प्रश्न. स्पीकरच्या जागी भिंतीला ओबडधोबड भोक राहिलंय. घरून सूचना आलीय की तिथे छानसं गोल घड्याळ लावा. लावू का?

सोलंटवासी

सेलवरचं घड्याळ असेल तर त्यात इवलीशी मोटर असते, मोटरीत चुंबक. भोक पाडलेलंच आहे, तेव्हा आधी...

खाडीकर

...हातात धरून दोन दिशांना बघतो. कळलं.

शिडवाली

इपॉक्सी भरा आणि वर फोटो लावा. पितळी स्क्रूने.